ऑरिन हॅस्केलचं शिसं

बिटररूटच्या खोऱ्यात ज्याच्या घरी जुनी रायफल होती, त्याला शिशाच्या गोळ्या ओतून देणारा ऑरिन हॅस्केल ठाऊक होता. टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधायला लावलेली शिशाची वजनं साठली, कुणाच्या छपरावरचा शिशाचा पत्रा उतरला, एखाद्या म्हातारीच्या कपाटात कथलाचे काळवंडलेले पेले सापडले, की लोक ते गाडीत टाकून सरळ त्याच्या शेडकडे वळत. ऑरिन दारातच उभा राहून तुकडा हातात घेई, अंगठ्याचं नख त्यावर दाबून ओढी आणि मग तो तुकडा सिमेंटच्या जमिनीवर टाकून कान देई. शुद्ध शिसं ओल्या ढेकळासारखं धप्पकन पडतं. त्यात कडकपणासाठी अँटिमनी हा धातू मिसळलेला असला की ते वाजतं. किती वाजतं त्यावरून ऑरिन सांगून मोकळा होई.

"हे चाकाचं. हे नळाचं. आणि हे रे कुठलं? बॅटरीतलं? उचल ते. पुन्हा माझ्या दारात आणलंस तर तुझ्याच डोक्यात घालीन."

हा कान त्याला छापखान्यानं दिला होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या साप्ताहिकात लागला आणि तेवीस वर्षं त्यानं वितळलेल्या शिशातून अक्षरांच्या ओळीच्या ओळी ओतणारं यंत्र चालवलं. लग्नं, बारशी, मयतं, गुरांचे बाजार, सगळं त्याच्या बोटांखालून गेलं. मग नव्या पद्धतीची छपाई आली, यंत्र भंगारात निघालं, आणि मालक म्हणाला, "ऑरिन, मागे चारशे किलो धातू पडलाय. भंगारवाल्याला द्यायला जिवावर येतं. तू घेऊन जा." ऑरिननं चार खेपा करून तो घरी आणला. पुढं वीस वर्षं तो टायरच्या दुकानात कामाला होता, पण कुणी विचारलं तर स्वतःला छापखान्यातला जुळारीच म्हणवायचा.

छापखान्याचा तो धातू फार कडक. चाकांवरच्या वजनांचा मध्यम. नळाचं, छपराचं शिसं मऊ. ऑरिन प्रत्येकाच्या वेगळ्या लगडी ओती आणि कानशीनं त्यांवर खाचा पाडी. मऊला एक, मध्यमला दोन, कडकला तीन. शेडच्या भिंतीशी तीन फळ्या होत्या. कुठल्या कामाला काय घ्यायचं, हे त्यानं आयुष्यभरात इतक्या लोकांना सांगितलं होतं की त्याच्या बायकोला, नेल्डाला, ते तोंडपाठ झालं होतं. नेमबाजीच्या स्पर्धेला कडक चालेल, कागदाला काय, भोक पडलं की झालं. पण शिकारीला निम्मं चाकाचं, निम्मं मऊ, आणि साचा नीट भरावा म्हणून वर चिमूटभर कथील.

"गोळी आत जाऊन फुलली पाहिजे," तो म्हणे. "कडक गोळी जनावराच्या अंगातून सुईसारखी निघून जाते. जनावर पळतं. आपल्याला वाटतं, नेम चुकला. आपण घरी येऊन जेवतो. ते तिकडं दोन दिवस मरत असतं."

हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली येई. आपण कधी असं जनावर गमावलं का, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. नेल्डानंही विचारलं नव्हतं.

नेल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. तीनशे पोरांचा स्वयंपाक करणारी बाई घरात एका माणसाचं ऐकून घेईल, असं कुणी समजू नये. शेडमध्ये ऑरिन सॅंडविच खाताना दिसला की ती दारातूनच ओरडे.

"हात धुतलेस?"

"पुसलेत."

"कशाला? पँटला? त्या पँटीला उभं केलं तर ती स्वतः चालत जाऊन शिसं ओतेल!"

"मग बरंच आहे की. मी तेवढा वेळ झोपेन."

अशी ही दोघं. मुलगी जोलीन लग्न होऊन स्पोकेनला गेली होती. ऑरिनचा एकच जिवाभावाचा मित्र, गस डुफ्रेन, दोन मैलांवर ओढ्याकाठी एकटा राहायचा. चाळीस वर्षं दोघं एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला बरोबर जात होते. गुडघे गेले तसा ऑरिन डोंगरावर जायचा थांबला, पण गसच्या रायफलीत गोळी ऑरिनचीच असे. सप्टेंबरात पन्नास गोळ्यांचा डबा गसच्या घरी पोचायचा आणि नोव्हेंबरात एल्कचा मागचा पाय ऑरिनच्या फ्रीझरमध्ये.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपासून ऑरिनचं थोडं थोडं चुकू लागलं. कॉफीचं भांडं पाण्याशिवाय चुलीवर चढे. जोलीनला तो स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारी. ट्रकची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली, तेव्हा नेल्डा हसली आणि तोही हसला. पासष्टी ओलांडली की असं होतंच, असं ती स्वतःला सांगे. आणि शेडमध्ये गेला की तो अगदी पहिल्यासारखा दिसे. भांड्यात शिसं वितळायचं, तो मेणाचा तुकडा टाकून ढवळायचा, वरची काळी मळी पळीनं काढून टाकायचा, साचा भरायचा, लाकडी दांड्यानं टकटक करून उघडायचा आणि चकचकीत गोळी फडक्यावर घसरायची. त्याच्या हातांना काही झालेलं नव्हतं. नेल्डाला तेवढं पुरत होतं.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरातला एक बुधवार. नेल्डा बटाटे सोलत होती. दार न वाजवता गस आत आला. दोन दिवसांची दाढी, गुडघ्यापर्यंत चिखल आणि बर्फ. त्यानं टोपी काढली नाही. खिशातून काहीतरी काढून त्यानं टेबलावर, ऑरिनच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवलं. गोळी होती. जवळजवळ साच्यातून नुकतीच काढल्यासारखी.

"काय हे?" ऑरिन म्हणाला.

"तूच सांग."

"गोळी आहे."

"सोमवारी सकाळी एका मादीवर झाडली," गस म्हणाला. "ऐंशी पावलांवर. नेम वीतभर मागे गेला, ते मी नाकारत नाही. पण तुझ्या गोळीनं वीतभर मागे लागलं तरी जनावर शंभर पावलांत बसतं, आजवर बसत आलंय. ही पळाली. रक्ताचे थेंब इतके थोडे की मी दर वेळी गुडघ्यावर बसून शोधत होतो. सोमवार गेला, मंगळवार गेला. आज सकाळी ओढ्यात सापडली. पुढचे पाय दुमडून बसलेली. पाणी प्यायला वाकलेली आणि मग उठता आलं नव्हतं तिला. जिवंत होती, ऑरिन. माझ्याकडे बघत होती."

नेल्डाच्या हातातली सुरी थांबली.

"मी समोरून छातीत दुसरी घातली. ती सगळं अंग पार करून मागच्या मांडीच्या कातड्याखाली अडकली. ही ती. बघ. टोकसुद्धा वाकलेलं नाही. आणि पहिलीचं भोक, या बाजूला बोटाएवढं, त्या बाजूला बोटाएवढं."

ऑरिननं गोळी उचलली. अंगठ्याचं नख तिच्यावर दाबलं, ओढलं. ओरखडा उठला नाही. त्यानं पुन्हा दाबलं, नख पांढरं होईपर्यंत. मग गोळी टेबलावर ठेवून गसकडे सरकवली.

"ही माझी नाही."

"ऑरिन."

"ही छापखान्याच्या धातूची आहे. मी शिकारीला हा धातू देत नाही. दुकानातून आणली असशील आणि आता माझ्या माथी मारतोस."

"तुझ्या डब्यातली आहे! तुझ्याच साच्याची खूण आहे तिच्या बुडाला!"

"मग कुणीतरी बदलली. तूच बदलली असशील. तुला माझं नाव खराब करायचंय." ऑरिन उठून उभा राहिला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी तुला... नीघ. नीघ माझ्या घरातून!"

गसनं नेल्डाकडे पाहिलं. ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. त्यानं गोळी उचलून खिशात टाकली आणि तो गेला. दार त्यानं हळूच लावलं, आपटलं नाही, याचं नेल्डाला पुढं कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑरिन केस कापायला गावात गेला, तेव्हा ती शेडमध्ये गेली. एका खाचेची, मऊ शिशाची फळी तिनं आधी पाहिली. वरची लगड उचलून नख दाबलं. नख घसरलं. दुसरी घेतली, तीही कडक. तिसरीत मात्र नख लोण्यात रुतावं तसं रुतलं. तिन्ही फळ्यांवर सगळ्या जातींची सरमिसळ झालेली होती. मग ती मागच्या रांगेत हात घालू लागली. एका लगडीवर पाच खाचा होत्या. एकीवर आठ. एक अशी निघाली की तिच्या चारही कडांना खाचाच खाचा होत्या, एकीला लागून एक, करवतीच्या दात्यांसारख्या. नेल्डानं त्या मोजल्या. सतरा भरल्या. उभा राहून तो कानस घासत राहिला होता, कशासाठी ते विसरून, किंवा किती झाल्या ते विसरून, पण हाताला सवय होती म्हणून थांबला नव्हता.

ती लगड पोटाशी धरून नेल्डा उलट्या केलेल्या बादलीवर बसली आणि मोठ्यानं रडली. घरात कुणी नव्हतं म्हणून तिला ते शक्य झालं.

आठवड्यानं तिनं जोलीनला फोन केला. सगळं ऐकून जोलीन एकदम म्हणाली, "आई, शिसं! शिशानं डोक्यावर परिणाम होतो. भिंतींचा शिशाचा रंग खरवडून खाणाऱ्या मुलांचं होतं ना? बाबा चाळीस वर्षं त्या वाफेत उभे आहेत. आई, हे म्हातारपण नाहीच! हे विष आहे. विष उतरवता येतं."

नेल्डानं फोन ठेवला आणि आनंदानं तशीच ऑरिनकडे गेली. तिनं ऑरिनला सगळं सांगितलं. लगडींचं मात्र सांगितलं नाही. ऑरिननं शांतपणे ऐकून घेतलं. आपलं काहीतरी बिघडतंय हे त्यालाही कळत होतं, आणि कुणी ते मोठ्यानं बोलावं याची तो बहुधा वाटच बघत होता.

"म्हणजे शिसं निघालं की डोकं परत येईल?"

"डॉक्टरला विचारू."

रक्तातलं शिसं तपासलं. चौतीस आलं. डॉक्टर तरुण होती, पण गडबडीत बोलणारी नव्हती.

"चौतीस जास्तच आहे, मिस्टर हॅस्केल. साधारण माणसाचं पाचाच्या आत असतं. तुम्ही शिशाचं काम आजपासून पूर्ण बंद करा. पण एक सांगते. तुमची जी लक्षणं आहेत, ती एवढ्या शिशानं होतील असं मला वाटत नाही. मला दुसरंही तपासायचंय."

"पण शिशानं होऊ शकतं?" ऑरिन म्हणाला.

"अगदीच नाही, असं मी म्हणणार नाही."

यातलं त्यानं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. नेल्डानंही तेच उचललं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ऐकलंस ना? नाही असं ती म्हणत नाही."

त्या दिवसापासून ऑरिन एखाद्या व्रताला बसल्यासारखा वागू लागला. शेडला त्यानं स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली नेल्डाच्या हातात दिली. शिशावर दूध चांगलं असं छापखान्यात जुनी माणसं म्हणत, म्हणून तो दिवसाला तीन पेले दूध पिऊ लागला. लहानपणापासून त्याला दूध आवडत नव्हतं. नाक धरून प्यायचा. हात इतके धुवायचा की बोटांची सालं निघाली. शेडमधले कपडे नेल्डानं जाळून टाकले, तेव्हा तो अंगणात उभा राहून धुराकडे बघत होता.

"ही चालत नाही गेली," तो म्हणाला.

"कोण?"

"पँट."

नेल्डाला हसू आलं. तिची थट्टा त्याला आठवली होती! तिला वाटलं, येतंय, डोकं परत येतंय.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यानं तपासणीच्या तारखेत चौतीस लिहिलं होतं. मार्चमध्ये एकोणीस आलं. त्यानं ते मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि नेल्डा दुकानात गेली असताना ही बातमी सांगायला ट्रक काढून गसकडे निघाला. चार महिन्यांत दोघांमध्ये शब्द नव्हता.

गसकडे तो पोचलाच नाही. त्या घरची वाट चाळीस वर्षं त्याच्या पायाखालची. संध्याकाळी गसचाच फोन आला.

"नेल्डा, घाबरू नकोस. तो माझ्याजवळ आहे. मी त्याला घेऊन येतोय."

जुन्या छापखान्याच्या जागी आता शिंप्याचं आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. ऑरिन तिथं आत जाऊन कपड्यांच्या रांगांमधून आपलं यंत्र शोधत फिरला होता. दुकानातली मुलगी घाबरली होती. गस त्या बाजूला बियाणं घ्यायला आला होता, म्हणून बरं.

गसनं त्याला घरात आणून खुर्चीवर बसवलं, त्याचे बूट काढले आणि मग तो अंगणात नेल्डाजवळ आला.

"मला म्हणाला, 'बस. तू कुठल्या पानाची जुळणी करणार आहेस?' मी म्हटलं, 'तिसऱ्या.' म्हणाला, 'मयतं माझ्याकडे आहेत, त्यांना हात लावू नकोस.'" गसनं नाक पुसलं. "नेल्डा, त्या दिवशी मी तसं यायला नको होतं. रागात होतो. त्या मादीचे डोळे..."

"तुझं काही चुकलं नाही."

"ते मला माहीत आहे. तरी यायला नको होतं."

त्यानंतर गस दर रविवारी जेवायला येऊ लागला. त्यानं आणि नेल्डानं मिळून शेडमधला सगळा धातू हळूहळू गसच्या कोठारात नेला. लगडी पुन्हा वेगळ्या करायच्या म्हटलं तर एकेक नखानं तपासावी लागली असती. त्यांनी तो उद्योग केला नाही. तशाच रचून वर ताडपत्री टाकली.

ऑक्टोबरात अकरा आलं.

डॉक्टरनं कागद टेबलावर ठेवला. मधल्या काळात डोक्याचे फोटो झाले होते, घड्याळ काढायला लावणाऱ्या, उलटं मोजायला लावणाऱ्या परीक्षा झाल्या होत्या. त्या परीक्षांत ऑरिन दर वेळी थोडा थोडा मागे पडत होता, पण तो त्यांना किंमत देत नव्हता. तो आकड्याची वाट बघत होता.

"अकरा," डॉक्टर म्हणाली. "फार छान उतरलंय. तुम्ही मनापासून पाळलंत."

"मग?" ऑरिन म्हणाला.

"मग शिशाची आता काळजी नाही."

"मग डोकं कधी येणार?"

डॉक्टरनं नेल्डाकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहिलं. नेल्डाला तिचं हे कायम आवडलं.

"मिस्टर हॅस्केल, जे होतंय ते शिशानं नाही. ते मेंदूतच आहे आणि ते वाढत जाणार आहे. ते थांबवायचं औषध माझ्याकडे नाही. मला फार वाईट वाटतं."

ऑरिननं मान डोलावली, दुकानदारानं एखादा माल संपला म्हणून सांगितल्यावर डोलवावी तशी. परतीच्या वाटेवर लार्च झाडं पिवळीधमक झाली होती. तो खिडकीतून त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "नेल्डा, मी उगाच सोडलं."

"काय?"

"शिसं. वर्ष झालं. एक वर्ष माझ्याजवळ चांगलं होतं आणि ते मी दूध पिण्यात घालवलं."

नेल्डानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिला पुढचं दिसेनासं झालं होतं. ऑरिननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिला. थोड्या वेळानं त्याला ती का रडतेय हे आठवेनासं झालं, पण थोपटणं त्यानं थांबवलं नाही.

"कुणी काही बोललं का तुला?" त्यानं विचारलं. "सांग मला. मी बघतो त्याला."

घरी आल्यावर तिनं विचार केला, गसकडून थोडं शिसं आणून किल्ली परत द्यावी का? उघडं शेड, आग, वितळलेलं शिसं आणि कुठल्या क्षणी काय विसरेल याचा भरवसा नसलेला माणूस. तिनं किल्ली दिली नाही. दोनदा त्यानं मागितली, तिनं दोनदा विषय बदलला, तिसऱ्यांदा मागायचं तो विसरला. तेच तिला जास्त लागलं.

पुढची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना सांगायला नकोत. पहिल्या वर्षी तो तिला ओळखायचा, दुसऱ्या वर्षी कधीमधी. एका सकाळी तो थंडीत अनवाणी महामार्गावर सापडला, तेव्हा जोलीननं आईला न विचारता अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या मिझूलाच्या संस्थेत नाव घातलं. नेल्डा पंधरा दिवस मुलीशी बोलली नाही, मग बोलली. तिथं जेवताना ऑरिन प्रत्येक चमच्यावर नख दाबून बघायचा. नख घसरलं की चमचा बाजूला ठेवायचा. नर्सबाईंनी लाकडी चमचा आणून दिला तेव्हा कुठं तो जेवू लागला. नेल्डा आठवड्यातून चारदा बसनं जायची. तिला तो "बाई" म्हणे, आणि फार अदबीनं वागे. एकदा त्यानं तिला विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?" ती म्हणाली, "झालंय. चव्वेचाळीस वर्षं." तो म्हणाला, "नशीबवान आहे तो," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

दोन हजार तीनच्या एप्रिलात त्याला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तो गेला. चर्चमध्ये माणसं मावली नाहीत. खोऱ्याच्या टोकांवरून शिकारी आले होते, नेमबाज आले होते, टायरच्या दुकानातले आले होते. कित्येकांनी नेल्डाचा हात हातात घेऊन तेच सांगितलं, माझ्या रायफलीला काय चालेल ते फक्त ऑरिनला कळायचं. ती प्रत्येकाला "हो" म्हणत राहिली.

सगळे पांगल्यावर गस मागं राहिला. चर्चच्या बायकांनी आणलेल्या भांड्यांनी स्वयंपाकघराचा ओटा भरून गेला होता. नेल्डानं कॉफी ओतली. गसनं पेल्याला हात लावला नाही.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "चार वर्षं सांगायचं राहिलंय."

"सांग."

"त्या मादीच्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवला, त्यानं डबा दिला. मी नेम लावायला दहा-बारा झाडल्या. गोळ्या लागत होत्या ठीक, पण आवाज, धक्का, काहीतरी वेगळं होतं. मी एका गोळीवर नख दाबून पाहिलं. कडक होती. त्या वर्षी मला जनावर मिळालंच नाही, म्हणून निभावलं. पण मला कळलं होतं, नेल्डा. मला तेव्हाच कळलं होतं की ऑरिन हॅस्केल चुकलाय. आणि ऑरिन चुकतो म्हणजे ती साधी गोष्ट नाही, हेही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलू? त्याला सांगायचं, तुझं शिसं चुकलं? मी म्हटलं, एखादी लगड गेली असेल इकडची तिकडं. पुढच्या वर्षी ठीक येईल. आणि पुढच्या वर्षी डबा आला तेव्हा मी नख दाबलंच नाही. मुद्दाम दाबलं नाही." त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. "ती ओढ्यात दोन दिवस बसली ते माझ्यामुळं. आणि मी येऊन त्याच्यावर ओरडलो. त्याच्यावर!"

नेल्डानं आपला पेला बाजूला सरकवला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, फाटकाशी अडखळली आणि निघून गेली.

"अठ्ठ्याण्णवच्याच उन्हाळ्यात," ती म्हणाली, "जेवण वाढून मी त्याला बोलवायला शेडकडे गेले होते. तो पाठमोरा उभा होता. हातात लगड, कानस चाललेली. मी हाक मारली, तो थांबला नाही. मी दारात उभी राहून बघत राहिले. घासतोय, घासतोय, जमिनीवर चुरा पडतोय. खूप वेळ, गस. मग मी परत घरात आले आणि खिडकीतून मोठ्यानं हाक मारली, जणू मी तिथं गेलेच नव्हते. तो हात पुसत आला. म्हणाला, आज काय केलंयस? मी म्हटलं, मटण आणि बटाटे."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"नाही."

"त्यालाही?"

"त्याला तर नाहीच."

 कॉफी निवून गेली. मग नेल्डा उठली, ओट्यावरच्या भांड्यांची झाकणं एकेक करून उघडून पाहू लागली आणि गसकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "जेवून जा. एवढं मी एकटी कधी संपवणार?"

गसनं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ताटं घेतली.